पितळी पातेल्यातलं दूध आणि बाळाचं यकृत

निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागायतदारांना मोरचूद नवं नाही. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी, की एक टक्क्याचं बोर्डो मिश्रण तयार. छाटणीच्या सुमाराला खोडा-ओलांड्यांवर आणि पावसाळ्यात पानांवर ते मारलं की केवडा रोगाला आळा बसतो. मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार. जून पानं जी मात्रा सहज सोसतात तिच्यानं कोवळी फूट करपते, हेही बागायतदाराला ठाऊक असतं. तांबं तेच, मात्रा तीच, फरक वाढीच्या अवस्थेचा.

माणसाच्या बाळाबाबत हाच फरक ध्यानात यायला जवळजवळ शंभर वर्षं गेली, आणि तो ध्यानात आणून देण्यात पुण्याच्या डॉक्टरांचा वाटा फार मोठा आहे. यकृताच्या ज्या आजारातून तो कळला त्याचा बागेतल्या फवारणीशी काही संबंध नव्हता. तांबं आलं होतं स्वयंपाकघरातून, दुधाच्या भांड्यातून.

सहा महिने ते तीन वर्षांचं मूल. आधी भूक मंदावते, मूल चिडचिडं होतं, बारीक ताप येतो. मग आईच्या लक्षात येतं की पोट पुढे आलंय. डॉक्टर पोटावर हात ठेवतात तेव्हा उजव्या बरगडीखाली यकृताची कड टणक आणि धारदार लागते. पुढे कावीळ, पोटात पाणी, आणि बहुतेक वेळा काही महिन्यांत मृत्यू. १८८७ मध्ये कलकत्त्याच्या डॉ. सेन यांनी या आजाराची पहिली नोंद केली. नंतर त्याला ‘इंडियन चाइल्डहुड सिऱ्हॉसिस’ हे नाव पडलं, म्हणजे भारतीय बालकांमधलं यकृताचं काठिण्य. एकाच घरातली दोन-तीन भावंडं पाठोपाठ गेल्याची उदाहरणं होती. दारू नाही, काविळीचा विषाणू सापडत नाही, तरी दीड वर्षाच्या बाळाचं यकृत म्हाताऱ्या मद्यपीसारखं कडक झालेलं. शिवाय हा आजार सर्वांत गरीब घरांत कमी आणि गावाकडच्या मध्यम, खाऊनपिऊन सुखी कुटुंबांत जास्त दिसायचा. कुपोषणाच्या रोगांची तऱ्हा एरवी नेमकी उलटी असते. एवढ्या एका विसंगतीत रोगाचं मूळ दडलेलं होतं, पण ते दिसायला पुढची नव्वद वर्षं जावी लागली.

त्या बाळाच्या यकृतात काय बिघडत होतं हे समजायला निरोगी यकृत कसं वाढतं ते आधी पाहावं लागेल.

यकृत हा शरीरातला सर्वांत कष्टाळू अवयव, आणि स्वतःला पुन्हा उभं करण्यात त्याच्या तोडीचा दुसरा नाही. १९३१ मध्ये हिगिन्स आणि अँडरसन या दोघांनी उंदराच्या यकृताचा दोन-तृतीयांश भाग कापून काढला. एक-दोन आठवड्यांत उरलेला भाग वाढून जवळपास मूळ वजनाला आला. आज आई आपल्या मुलाला यकृताचा तुकडा देऊ शकते तो याच गुणामुळे. मोठ्या माणसाच्या यकृतातल्या बहुतेक पेशी एरवी शांत असतात. गरज पडली की त्या विभाजनाला लागतात आणि काम झालं की पुन्हा थांबतात.

लहानपणी मात्र तिथे विश्रांती नसते. जन्मताना बाळाच्या वजनाचा सुमारे चार-पाच टक्के भाग यकृताचा असतो, मोठेपणी तो दोन टक्क्यांच्या आसपास येतो. पोटात असताना याच अवयवानं रक्तपेशी तयार करण्याचं काम केलेलं असतं. जन्मानंतर ते काम सुटतं आणि पचनाशी जोडलेली नवी कामं एकामागून एक अंगावर येतात. हे सगळं पेशींची संख्या वाढत असतानाच चाललेलं असतं. आणि या काळात बाळाच्या पोटात जातं ते एकच अन्न, दूध.

आता तांब्याकडे येऊ. तांबं शरीराला लागतंच. अनेक विकरं त्याच्याशिवाय काम करत नाहीत. पण आईच्या दुधात तांबं फार थोडं असतं आणि गाईच्या दुधात त्याहूनही कमी. निसर्गानं याची तजवीज गर्भातच केलेली आहे. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत बाळाचं यकृत तांब्याचा साठा करून ठेवतं, इतका की नवजात बाळाच्या यकृतातलं तांबं मोठ्या माणसाच्या कितीतरी पट भरतं. मोठ्या माणसात एवढं तांबं आढळलं तर डॉक्टर आजारच समजतील. बाळात तीच निरोगी अवस्था असते. पुढचे काही महिने अंगावरच्या दुधावर वाढताना हा साठा हळूहळू खर्च होतो. जास्तीचं तांबं शरीराबाहेर टाकायचा मुख्य मार्ग म्हणजे पित्त, आणि तो मार्ग या वयात पुरता तयार झालेला नसतो. तयार होण्याची घाईही नसते, कारण दुधातून तांबं जास्त येणारच नाही असं शरीरानं गृहीत धरलेलं असतं.

हे गृहीतक पितळी पातेल्यानं मोडलं.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आपल्याकडे पितळेला आतून कल्हई लावायची रीत होती ती याचसाठी. कथलाचा पातळ थर बसला की अन्न धातूला लागत नाही. ताक, चिंच, आमटी पितळेत ठेवली तर कळकते हे प्रत्येक घरात ठाऊक होतं, त्यामुळे आंबट पदार्थांबाबत बायका दक्ष असत. दूध आंबट नाही, म्हणून त्याच्याबद्दल तशी शंका कुणाला आली नाही. पण दुधातलं केसीन हे प्रथिन तांब्याला धरून ठेवतं. कल्हई नसलेल्या किंवा उडालेल्या पितळी भांड्यात दूध तापवलं आणि तासन् तास तसंच ठेवलं की तांबं दुधात उतरत राहतं आणि प्रथिनाला चिकटून बाळाच्या पोटात जातं. ज्या घरात दुभतं जनावर होतं आणि पितळेची भांडीही होती, तिथेच हे घडणार. गरिबाच्या झोपडीत मडकं आणि जर्मनचं पातेलं. तिथलं बाळ या एका संकटातून वाचलं. आईचं दूध कमी पडतंय असं वाटून कळवळ्यानं बाळाला वरचं दूध लवकर सुरू करणाऱ्या घरांवर हा घाव बसला, आणि मला तो फार क्रूर वाटतो. बाळासाठी जास्त करू पाहणाऱ्यांच्याच हातून विष दिलं गेलं, आणि ते विष आहे हे सांगणारं कुणी नव्हतं.

१९७८ च्या सुमारास लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमधल्या संशोधकांनी अशा मुलांच्या यकृताच्या नमुन्यांना ऑर्सीन नावाचा रंग लावला. सूक्ष्मदर्शकाखाली गडद तपकिरी कणांची दाटी दिसली. तांबं प्रथिनाशी बांधलेलं असलं की असे कण दिसतात. मोजमाप केलं तेव्हा कोरड्या यकृताच्या प्रत्येक ग्रॅममागे तांबं हजार मायक्रोग्रॅमच्या वर जात होतं. निरोगी प्रौढात ते पन्नासच्या आत असतं. या कामात असलेले ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ स्टुअर्ट टॅनर आणि पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे यांनी पुढचा प्रश्न हाती घेतला. हे तांबं येतं कुठून? १९८३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा लेख आला. तांबं उतरलेलं जनावराचं दूध अगदी लहान वयात सुरू होणं हे या आजाराचं संभाव्य कारण आहे, असं त्यात मांडलं होतं. नंतर १९८७ मध्ये आजारी मुलं आणि त्यांच्याच जोडीची निरोगी मुलं यांच्या आहाराचा इतिहास शेजारी ठेवून पाहिला गेला. आजारी मुलांना वरचं दूध लवकर सुरू झालेलं होतं, आणि पितळी भांडी त्यांच्याच घरांत जास्त वापरात होती.

भांडं हे एकमेव कारण असेलच असं नाही, हेही सांगितलं पाहिजे. पितळेतलं दूध हजारो बाळं प्यायली आणि त्यातली थोडीच आजारी पडली. एकाच कुटुंबात आजार फिरताना दिसे, त्यामुळे काही मुलांत अंगचीच एखादी आनुवंशिक दुर्बलता असणार असा अंदाज सुरुवातीपासून होता. याला दुजोरा दूरच्या मुलुखातून मिळाला. ऑस्ट्रियातल्या टायरॉल या डोंगराळ भागात १९०० ते १९७४ या काळात १३८ बालकं याच प्रकारच्या काठिण्यानं दगावल्याचं १९९६ मध्ये प्रसिद्ध झालं. तिथेही गाईचं दूध पाणी घालून पातळ करत आणि कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात शिजवून बाळाला देत. तिथेही ठरावीक कुटुंबांतच आजार होता, आणि तिथेही नवी भांडी घरात आल्यावर तो संपला. ‘इंडियन’ हे विशेषण त्या दिवशी निरर्थक ठरलं.

पेशींच्या विभाजनाच्या दृष्टीनं या आजारात सर्वांत बोलकी गोष्ट कोणती? बहुतेक प्रकारच्या काठिण्यात यकृत मरत असतानाही झुंजतं. वाचलेल्या पेशी विभाजत राहतात आणि चट्ट्यांच्या मधोमध नव्या पेशींच्या गाठी उभ्या राहतात. या बाळांच्या यकृतात अशी झुंज जवळजवळ दिसत नसे. पेशी फुगलेल्या, आत बिघडलेल्या प्रथिनांचे गोळे, आणि एकेका पेशीभोवती तंतूंचं जाळं विणलेलं. दोन-तृतीयांश कापलं तरी उगवून येणारा हा अवयव, ज्या वयात त्याची वाढ सर्वांत जोमात असायला हवी नेमक्या त्याच वयात विभाजन विसरलेला असे. तांबं जास्त झालं की ते पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांना जाळतं, आणि ऊर्जा नसलेली पेशी दुभंगण्याचं काम पेलू शकत नाही.

उपचारानं याची उलटी बाजूही दिसली. पेनिसिलामाइन हे औषध तांब्याला पकडून लघवीवाटे बाहेर काढतं. १९५६ पासून ते विल्सन्स डिसीज या तांब्याच्याच दुसऱ्या आजारात वापरलं जात होतं. पुण्यात १९८० पासून ते या मुलांना देऊन पाहिलं गेलं. आजार फार पुढे गेलेला असेल तर उपयोग होत नसे. पण वेळेत सुरू झालेली काही मुलं जगली, मोठी झाली. डॉ. आशिष बावडेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये अशा मुलांची दीर्घ पाहणी छापली. त्यातल्या काहींच्या यकृताचे नमुने वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा तपासले होते आणि थोड्या मुलांत तर यकृत जवळजवळ निरोगी दिसायला लागलं होतं. काठिण्य आलेलं यकृत माघारी फिरत नाही असं त्या काळी शिकवलं जाई. तांब्याचा अडसर दूर झाल्यावर या लहानग्यांच्या पेशींनी आपलं राहिलेलं काम पुन्हा हाती घेतलं. माझ्या मते पुण्याच्या या सगळ्या कामातला सर्वांत मोलाचा भाग हाच.

विषाचं हे टोकाचं उदाहरण बाजूला ठेवलं, तरी साधं अन्नसुद्धा कोवळ्या यकृताच्या विभाजनावर ठसा उमटवतं. १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या मायरन विनिक आणि ॲडेल नोबल यांनी उंदरांच्या पिल्लांना वेगवेगळ्या वयात अर्धपोटी ठेवलं. जन्मापासून दूध सुटेपर्यंतचे तीन आठवडे ज्यांची उपासमार झाली त्यांच्या सगळ्या अवयवांत, यकृतातही, पेशींची संख्या कमी राहिली, आणि नंतर भरपूर खायला घालूनही ती भरून आली नाही. वयात आलेल्या उंदरांची तेवढेच दिवस उपासमार केली तेव्हा पेशी फक्त आकारानं बारीक झाल्या आणि खाणं मिळताच पूर्ववत झाल्या. जेव्हा पेशी संख्येनं वाढत असतात तेव्हाची उणीव संख्येत उरते.

पेशी मोजण्यासाठी त्यांनी अवयवातला एकूण डीएनए मोजला होता. बाकी अवयवांत ही युक्ती चालते, यकृतात ती थोडी फसवी आहे. इतर बहुतेक पेशींत गुणसूत्रांचे दोन संच असतात, माणसात मिळून ४६. यकृतातल्या कित्येक पेशींत मात्र दोन केंद्रकं असतात किंवा एकाच केंद्रकात दुप्पट, चौपट गुणसूत्रं. उंदराच्या प्रौढ यकृतात अशा पेशींचं बहुमतच असतं. माणसात त्या कमी, पण वयाबरोबर वाढत जातात. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाच्या यकृतात मात्र जवळजवळ सगळ्या पेशी एका केंद्रकाच्या, साध्या. मग हा बदल होतो कधी?

दूध सुटतं तेव्हा. पॅरिसच्या शान्ताल देदुए यांच्या गटानं २००९ मध्ये हे बारकाईनं दाखवलं. पिल्लू आईचं चरबीदार दूध सोडून दाणा खाऊ लागतं त्या दिवसांत यकृताच्या काही पेशी विभाजनाची सगळी तयारी करतात, गुणसूत्रं दुप्पट होतात, दोन केंद्रकं तयार होतात, आणि शेवटची पायरी, म्हणजे पेशी मधोमध आवळून तिचे दोन तुकडे होणं, तेवढी घडतच नाही. एका भिंतीआड दोन केंद्रकं राहतात. संशोधकांनी आधी दाण्यातल्या पिष्टावर संशय घेतला, पण पिष्ट कमी-जास्त करून फरक पडला नाही. फरक पडला इन्सुलिनचा निरोप अडवल्यावर. मग दोन केंद्रकांच्या पेशी फार कमी झाल्या. वरून इन्सुलिन टोचलं तर वाढल्या. दूध सुटताना आहाराबरोबर सगळी अंतःस्रावी घडी बदलते, आणि त्या बदलाचा निरोप पेशीच्या विभाजनाच्या अखेरच्या क्षणापर्यंत पोचतो. अन्न बदलणं ही एवढी खोल घटना आहे.

दोन केंद्रकांच्या पेशी म्हणजे बिघाड असं समजू नये. २०१८ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की अशा पेशींमुळे यकृताला कर्करोगापासून संरक्षण मिळतं. एखाद्या जनुकाची एक प्रत बिघडली तरी राखीव प्रती शिल्लक असतात. मात्र त्या आळसावलेल्या असतात. २०२२ मध्ये ड्रेस्डेनच्या ओलाफ बर्गमान यांच्या गटानं अणुचाचण्यांमुळे हवेत पसरलेल्या किरणोत्सारी कार्बनचा उपयोग करून माणसाच्या यकृतपेशींचं वय काढलं. सरासरी वय तीन वर्षांहूनही कमी निघालं, वय वीस असो की ऐंशी. पण साध्या पेशी भराभर नव्या होत होत्या आणि जास्त गुणसूत्रांच्या पेशी दहा-दहा वर्षंही टिकत होत्या. यकृतात चरबी साठण्याचा आजार झाला की या जास्त गुणसूत्रांच्या पेशी नको तितक्या वाढतात, असंही याच पॅरिसच्या गटानं २०१५ मध्ये दाखवलं.

इन्सुलिन आणि यकृत यांची ही जोडी महाराष्ट्राला परकी नाही. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत केईएमच्याच डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास चालवला आहे. तिथली बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. पण मापं घेतली तेव्हा दिसलं की आपलं बाळ सगळीकडून सारखं बारीक नाही. त्याच्या कातडीखालची चरबी बऱ्यापैकी शाबूत असते. कमी असतात ते स्नायू आणि पोटाचा घेर, म्हणजेच यकृतासारखे पोटातले अवयव. पुण्याच्या बाळांच्या नाळेतल्या रक्तात इन्सुलिनही जास्त निघालं. दुधाचा पहिला थेंब पोटात जाण्याआधीच यकृत लहान आणि इन्सुलिन चढं. त्याच गावांत ज्या आया गरोदरपणी हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध वरचेवर खात होत्या त्यांची बाळं चांगल्या वजनाची होती. कांदा, द्राक्ष आणि भाजीपाला गाड्या भरभरून बाहेर पाठवणाऱ्या आपल्या तालुक्यात गरोदर सुनेच्या ताटात पालेभाजी आणि फळ रोज पडतं का, हा प्रश्न मला कुठल्याही औषधापेक्षा मोठा वाटतो.

सहा महिन्यांनंतर बाळाला काय द्यावं याची उत्तरं निफाडच्या मातीतच आहेत. इथल्या कडाक्याच्या थंडीत गहू उत्तम पिकतो. कुंदेवाडीच्या संशोधन केंद्रातून आलेलं गोदावरी, त्र्यंबक हे वाण राज्यभर गेले. गव्हाचं किंवा नाचणीचं सत्त्व, मऊ वरणभात, त्यावर तूप, मग कुस्करलेली भाजी, हा आपल्या आज्यांचा उष्टावणानंतरचा क्रम यकृताच्या अंगानं पाहिला तरी शहाणपणाचा आहे. दूध एकदम तोडायचं नाही, नवं अन्न हळूहळू वाढवायचं, त्यात पिष्टाबरोबर प्रथिन आणि स्निग्ध असू द्यायचं. साखर घातलेली बिस्किटं दुधात बुडवून भरवणं यात बसत नाही.

तो जुना आजार १९९० नंतर बालरुग्णालयांतून जवळजवळ नाहीसा झाला. डॉक्टरांनी पितळेबद्दल सांगितलं हे एक कारण, आणि स्टीलनं पितळेला स्वयंपाकघरातून हुसकलं हे त्याहून मोठं. आता मात्र पितळ परत येतंय. आरोग्यदायी म्हणून तांब्या-पितळेची भांडी महागड्या दरानं विकली जातात, जाहिरातींत कल्हईचा उल्लेखही नसतो, आणि कल्हईवाला गावोगाव फिरेनासा झालाय. मोठ्या माणसांनी पितळेच्या कल्हईदार भांड्यात भाजी करायला हरकत नाही. त्यांच्या पित्ताचा मार्ग जास्तीचं तांबं बाहेर टाकतो. एक वर्षाच्या आतल्या बाळाचं दूध, पेज, सत्त्व मात्र स्टीलमध्येच करावं आणि स्टीलमध्येच ठेवावं. तांब्याच्या बाटलीतलं रात्रभर ठेवलेलं पाणी बाळाला देऊ नये. घासून घासून कल्हई उडते, आतून पिवळा किंवा तांबूस धातू दिसू लागतो. तसं भांडं दुसऱ्या कामाला काढावं. दूध गवळ्याकडून येत असेल तर त्याच्या चरवीच्या आत एकदा डोकावून पाहावं. आणि पहिले सहा महिने अंगावरचं दूध असेल तर यातल्या कुठल्याच भांड्याचा प्रश्न उरत नाही.